आईच्या दुधातलं परक्लोरेट आयन क्रोमॅटोग्राफीवर मोजायचं असेल तर

प्रश्न एका संशोधक विद्यार्थिनीचा आहे. तिच्याकडे कंडक्टिव्हिटी डिटेक्टर असलेलं आयन क्रोमॅटोग्राफीचं यंत्र आहे, म्हणजे द्रावणातले आयन कॉलम नावाच्या नळीत वेगळे करून ते किती वीज वाहतात त्यावरून मोजणारं यंत्र. शुद्ध पाण्यात 5 मायक्रोग्रॅम प्रति लिटर परक्लोरेट घातलं की तिला आलेखावर सुरेख पीक, म्हणजे उंचवटा, दिसतं. तेवढंच परक्लोरेट आईच्या दुधात किंवा लघवीत घातलं की पीक नाहीसं होतं आणि त्या जागी बेसलाइनला (आलेखाच्या पायारेषेला) लांबट फुगवटा येतो. यंत्राची संवेदनशीलता कमी पडते का, आणि आहे त्या यंत्रावर दुधाचं काम करता येईल का, असं तिनं विचारलं आहे.

संवेदनशीलता कमी पडत नाहीये. पाण्यातल्या 5 मायक्रोग्रॅमचं पीक दिसतं याचा अर्थ कॉलम, वाहत्या द्रावणाची स्वतःची वाहकता दाबणारा सप्रेसर, आणि डिटेक्टर तिघेही ठीक आहेत. अडचण दुधात आहे. तुमचं खरं काम इंजेक्शनच्या आधी आहे, आणि पीक मिळाल्यावर ते परक्लोरेटचंच आहे हे सिद्ध करण्यात आहे. आहे त्या यंत्रावर तुम्हाला पद्धतीचा मोठा भाग बसवता येईल. पण केवळ कंडक्टिव्हिटीच्या जोरावर आईच्या दुधातला आकडा छापू नका. का, ते सांगते.

परक्लोरेट म्हणजे एका क्लोरीनभोवती चार ऑक्सिजन बसलेला ऋण आयन. अमोनियम परक्लोरेट रॉकेटच्या घन इंधनात असतं, पोटॅशियम परक्लोरेट फटाक्यांत. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या सोऱ्यात ते निसर्गतःच सापडतं. शरीरात ते थायरॉइडच्या पेशींवरचा आयोडाइड आत घेणारा वाहक अडवतं. हाच वाहक स्तनग्रंथीतही असतो. परक्लोरेट त्याला नुसतं अडवत नाही, त्याच्याच मार्गाने दुधात उतरतंही, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे बाळाला मिळणारं आयोडीन कमी होण्याची आणि परक्लोरेट पोहोचण्याची वाट एकच. म्हणूनच दुधातलं मोजमाप मला इतकं महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच ते चुकीचं झालेलं मला चालत नाही.

या विषयाचा सगळा इतिहास शोधमर्यादेचा इतिहास आहे. 1997 पर्यंत पाण्यातलं परक्लोरेट 400 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली विश्वासाने मोजता येत नव्हतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाने आयन क्रोमॅटोग्राफीची पद्धत सुधारून ही मर्यादा 4 वर आणली, आणि पाहता पाहता लेक मीड आणि कोलोरॅडो नदीत परक्लोरेट सापडलं. उगम होता नेवाडातल्या हेंडरसनचे अमोनियम परक्लोरेटचे कारखाने. नदीत ते आधीपासूनच होतं, दिसायला तेव्हा लागलं. 1999 मध्ये अमेरिकेच्या ईपीए या संस्थेची पिण्याच्या पाण्यासाठीची 314.0 ही पद्धत आली. एएस-16 कॉलम, सोडियम हायड्रॉक्साइडचा एल्युएंट (कॉलममधून आयन वाहून नेणारं द्रावण), सप्रेसर, कंडक्टिव्हिटी आणि तब्बल 1 मिलीलिटरचं इंजेक्शन. तुमची पद्धत याच घराण्यातली आहे. पण ही पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी लिहिलेली आहे, आणि त्यातसुद्धा पाण्याची कंडक्टिव्हिटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर आधी पाणी पातळ करा किंवा स्वच्छ करा, असं ती बजावते.

आता लघवीचा हिशेब करून पाहा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2001-02 मध्ये सहा वर्षांवरच्या 2,820 जणांची लघवी तपासली. परक्लोरेट प्रत्येकाच्या लघवीत सापडलं, मध्यक 3.6 मायक्रोग्रॅम प्रति लिटर. त्याच एक लिटर लघवीत क्लोराइड साधारण साडेतीन ग्रॅम असतं. म्हणजे परक्लोरेटच्या एका वाट्याला क्लोराइडचे दहा लाख वाटे. सल्फेट, फॉस्फेट, सेंद्रिय आम्लं वेगळीच. आईच्या दुधात क्लोराइड बरंच कमी, लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आत, पण तिथे प्रथिनं आणि स्निग्धांश आहेत.

इतकं मीठ एकदम कॉलमवर गेलं की ते स्वतःच एल्युएंटसारखं वागतं. कॉलममधल्या, आयन धरणाऱ्या रेझिनवरच्या जागा व्यापतं आणि परक्लोरेटला धरू देत नाही, त्यामुळे त्याचा पट्टा पसरतो, पुढे सरकतो. परक्लोरेट हा आकाराने मोठा, भोवती पाण्याचं आवरण सैल असलेला आयन आहे. तो रेझिनला घट्ट धरतो आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो. ही आपल्या फायद्याची गोष्ट, पण नेमका तो सल्फेटच्या लांब शेपटीवर बसतो. दूध असेल तर प्रथिनं कॉलमच्या तोंडाशी अडकतात. पहिल्या इंजेक्शनला फारसं काही जाणवत नाही, विसाव्याला दाब वाढतो आणि रिटेन्शन टाइम (आयन बाहेर पडायला लागणारा वेळ) मागेपुढे व्हायला लागतो. तुम्ही दूध नुसतं गाळून टाकलं असेल तर गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा संरक्षक तुकडा) आजच बदला.

पीक नेमकं कुठे हरवतं, ते आधी शोधा. तीन नळ्या घ्या. एकीत दूध, त्यात परक्लोरेट सुरुवातीलाच घाला आणि पूर्ण प्रक्रिया करा. दुसरीत तेच दूध, प्रक्रिया करा आणि परक्लोरेट अगदी शेवटी, इंजेक्शनच्या आधी घाला. तिसरीत दुधाऐवजी शुद्ध पाणी, बाकी सगळं पहिलीसारखं. दुसऱ्या नळीत पीक नीट आणि पहिलीत नाही, तर परक्लोरेट तयारीत हरवतंय. दुसऱ्यातही नाही, तर कॉलमवर मीठ आडवं येतंय. तिसऱ्यातही कमी येत असेल तर तुमचं कार्ट्रिज (नमुना स्वच्छ करणारी, रेझिन किंवा कार्बन भरलेली छोटी नळी) किंवा फिल्टर ते गिळतंय. एका दुपारचं काम आहे. हे न करता लोक महिनोन्‌महिने एल्युएंटची तीव्रता बदलत बसतात.

दुधाची तयारी मी अशी करते. गोठवलेलं दूध रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्यायचं, मग कोमट करून हलक्या हाताने उलटसुलट करायचं, म्हणजे बाटलीच्या काचेला चिकटलेला स्निग्धांश परत मिसळतो. 5 मिलीलिटर मोजून घेतलं की पुढच्या कुठल्याही पायरीआधी त्यात इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं ठरावीक प्रमाणातलं द्रव्य, घालायचं. हे परक्लोरेटच, फक्त चारही ऑक्सिजन 18 वस्तुमानाचे. घातल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं. मग थंड सेंट्रिफ्यूज. नळी बाहेर काढली की वर पिवळसर, घट्ट सायीसारखी चकती दिसते. तिच्या कडेने पिपेटची नळी सरकवून खालचं निळसर पांढरं पाणी उचलायचं. त्यात एक टक्का ॲसेटिक आम्ल असलेलं ॲसिटोनायट्राइल चौपट घातलं की दूध फाटतं, कणीदार चोथा खाली बसतो. पुन्हा सेंट्रिफ्यूज. वरचं द्रावण काचेसारखं नितळ दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर पुढे जाऊच नका, थंड करून पुन्हा फिरवा. शेवटी नायट्रोजनच्या झोताखाली ॲसिटोनायट्राइल उडवायचं आणि उरलेलं पाणी ग्राफाइट कार्बनच्या कार्ट्रिजमधून न्यायचं.

इंटर्नल स्टँडर्ड पहिल्या पायरीला घालण्याचा आग्रह उगाच नाही. फाटलेल्या दुधाचा चोथा जागा व्यापतो, स्निग्धांश दर बाईच्या दुधात वेगळा, एकाच वेळच्या दुधात सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त. कार्बन परक्लोरेटला थोडं धरून ठेवतो. प्रत्येक नमुन्यात नुकसान वेगळं होणार. सोबतचा जड परक्लोरेट तेवढ्याच प्रमाणात हरवतो, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर टिकतं. पण हा जड भाऊ कंडक्टिव्हिटी डिटेक्टरला वेगळा दिसत नाही. तो फक्त वस्तुमान ओळखणाऱ्या डिटेक्टरला दिसतो. इथेच तुमच्या यंत्राची पहिली खरी हद्द येते.

कंडक्टिव्हिटीवर राहायचं असेल तर मीठ काढावंच लागतं. त्यासाठी बेरियम, चांदी आणि हायड्रोजन रूपातल्या रेझिनची कार्ट्रिजं एकापुढे एक लावतात. बेरियम सल्फेटला बसवतं, चांदी क्लोराइडला, आणि शेवटचं हायड्रोजनचं कार्ट्रिज सुटून आलेली चांदी पकडतं. ते विसरलात तर चांदी कॉलमवर जाऊन बसते आणि कॉलम जातो. क्रम हाच ठेवा, मिनिटाला दोन मिलीलिटरपेक्षा घाई करू नका, कार्ट्रिजं आधी शुद्ध पाण्याने भरपूर धुवा आणि त्या धुण्याचं शेवटचं पाणी यंत्रावर चालवून बघा. पहिले काही मिलीलिटर फेकायचे असतात, आणि आईचं दूध मुळात पाच-दहा मिलीलिटरच मिळालेलं असतं, ही खरी ओढाताण. आणखी एक, ॲसिटोनायट्राइलचा अंश राहणार असेल तर सप्रेसर स्वतःच्याच पाण्यावर फिरणाऱ्या पद्धतीने चालवू नका, बाहेरून शुद्ध पाणी द्या. नाहीतर सेंद्रिय द्रावक सप्रेसरमध्ये जळून बेसलाइन नाचवतो.

यापेक्षा सुंदर उपाय ईपीएच्याच 2008 च्या 314.2 या पद्धतीत आहे, दोन पातळ्यांच्या क्रोमॅटोग्राफीचा. पहिल्या 4 मिलिमीटरच्या कॉलमवरून परक्लोरेट येण्याची जी दोन-तीन मिनिटं असतात तेवढाच तुकडा कापून घ्यायचा. सप्रेसरमुळे तिथे एल्युएंट जवळजवळ शुद्ध पाणी झालेला असतो, म्हणून परक्लोरेट पुढच्या छोट्या कॉन्सन्ट्रेटर कॉलमवर पटकन धरला जातो. मग तो वेगळ्या स्वभावाच्या 2 मिलिमीटरच्या कॉलमवर सोडायचा. मीठ पहिल्या कॉलमवरूनच वाहून गेलेलं, आणि कॉलमचं क्षेत्रफळ चौथाई झाल्यामुळे संकेत साधारण चौपट. तुमच्या यंत्रात दुसरा पंप आणि वाढीव व्हॉल्व्ह बसत असेल तर पैसे इथे घाला.

इतकं करूनही कंडक्टिव्हिटी फक्त एवढंच सांगते की अमुक मिनिटाला काहीतरी आयन आला. पाण्याच्या बाबतीत हा धोका प्रत्यक्ष दिसलेला आहे. क्लोरोबेंझीन सल्फोनेट नावाचा औद्योगिक आयन एएस-16 कॉलमवर परक्लोरेटच्या अगदी जवळ येतो. म्हणून 314.0 नंतरच्या 314.1 पद्धतीत एएस-20 या वेगळ्या कॉलमवर पडताळणी सांगितली. दुधात आणि लघवीत असे अनोळखी सेंद्रिय आयन कितीतरी.

म्हणून शेवटचा आकडा आयन क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवरूनच घ्यावा. परक्लोरेटचं वस्तुमान 99, आणि क्लोरीनचा जड समस्थानिक असेल तर 101. निसर्गात या दोघांचं गुणोत्तर 3 च्या किंचित वर असतं. दोघांचा एकेक ऑक्सिजन सुटला की 83 आणि 85 मिळतात. इंटर्नल स्टँडर्ड 107 वर, त्याचा तुकडा 89 वर. दिसायला अगदी नेटकं, पण इथेही सल्फेट आडवं येतं. गंधकाचा 34 वस्तुमानाचा समस्थानिक चार टक्क्यांहून थोडा जास्त असतो, आणि त्याच्यापासून बनलेल्या हायड्रोजन सल्फेटचं वस्तुमानही 99 भरतं. लघवीत सल्फेट ग्रॅममध्ये असताना त्याचे चार टक्के म्हणजे परक्लोरेटपुढे डोंगर. त्यामुळे मास स्पेक्ट्रोमीटर आहे म्हणून क्रोमॅटोग्राफीत ढिलाई चालत नाही. सल्फेट आणि परक्लोरेट कॉलमवरच वेगळे झाले पाहिजेत, आणि सल्फेटचा भाग व्हॉल्व्हने कचऱ्यात वळवला पाहिजे. मी आकडा 101 वरून काढते आणि 99 शी ताडून पाहते. गुणोत्तर 3 सोडून वर चढायला लागलं की सल्फेट झिरपतंय हे कळतं, कारण ते 99 ला फुगवतं, 101 ला जवळजवळ नाही. गुणोत्तर 25 टक्क्यांहून जास्त ढळलेला नमुना मी पुन्हा चालवते, आकडा कितीही अपेक्षेसारखा आला असला तरी.

आता ब्लँकबद्दल, म्हणजे नमुन्याऐवजी सगळ्या पायऱ्यांतून नेलेल्या शुद्ध पाण्याबद्दल, कारण माझी सगळ्यांत मोठी चूक तिथेच झाली. एका प्रयोगशाळेत आम्ही दुधाचे नमुने चालवत होतो आणि प्रत्येक ब्लँकमध्ये छोटं, स्वच्छ, अगदी योग्य गुणोत्तराचं परक्लोरेटचं पीक येत होतं. कॉलम बदलला, पाणी बदललं, कार्ट्रिजं बदलली. पीक तसंच. शेवटी बाटल्या कोण कशाने धुतं ते पाहायला मी धुण्याच्या जागी जाऊन उभी राहिले. खिडकीत उन्हाला ठेवलेला ब्लीचचा निळा कॅन होता, लेबलवरची तारीख उन्हाने उडून गेलेली. त्यातला एक थेंब पातळ करून यंत्रावर टाकला आणि पडद्यावर तेच पीक, उंच. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट जुनं होत जातं तसं त्याचं क्लोरेट होतं आणि पुढे परक्लोरेट, उष्णतेत आणखी भराभर. आमचे तोवरचे सगळे आकडे मला बाजूला टाकावे लागले. त्यातल्या कित्येक नमुन्यांच्या बाटल्या आयांनी बाळाला झोपवून, वेळ काढून भरून दिलेल्या होत्या. ते मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा दुधाच्या बाटल्या ब्लीचने धुवू नका, आणि पंपाचे भाग घरी कशाने निर्जंतुक होतात ते आईला विचारून नोंदवा. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथिनं काढायला परक्लोरिक आम्ल सर्रास वापरतात. ती बाटली तुमच्या खोलीत नको, आणि धातूंच्या पचनासाठी ते आम्ल जिथे उकळतात त्या हूडशेजारी तर बसूच नका. दिवाळीच्या आठवड्यात नमुने गोळा करू नका, किंवा केले तर तसं लिहून ठेवा. ओक्लाहोमातल्या एडा गावच्या तलावात आतषबाजीनंतर 14 तासांच्या आत परक्लोरेट नेहमीच्या पातळीच्या 24 ते 1,028 पट झालेलं नोंदलं गेलं, आणि ते उतरायला 20 ते 80 दिवस लागले.

साठवणीत एकच जपा: हवा बंद होऊन जिवाणू वाढले की ते परक्लोरेट खातात. दूध मिळाल्याबरोबर उणे 20 अंशावर गोठवा. पाण्याचे नमुने जंतुविरहित फिल्टरमधून गाळा आणि बाटलीत वर हवेला जागा ठेवा. लघवीतलं परक्लोरेट गोठवून व्यवस्थित टिकतं. शरीरातून ते काही तासांतच निम्मं बाहेर पडतं, म्हणून एका वेळच्या लघवीचा आकडा म्हणजे कालपरवाच्या खाण्यापिण्याचा आकडा. लघवी किती पातळ आहे ते कळावं म्हणून क्रिएटिनिन सोबत मोजाच.

शोधमर्यादा काढताना सात नमुन्यांच्या प्रमाण विचलनाला 3.143 ने गुणायची पद्धत तुम्हाला माहीत असेल. पण ते सात नमुने पाण्यातले असतील तर ती मर्यादा पाण्याची. दुधासाठी परक्लोरेट नसलेलं दूध लागेल, आणि ते सहसा मिळत नाही. अशा वेळी दुधातच जड परक्लोरेट वेगवेगळ्या कमी प्रमाणांत घालून मर्यादा त्याच्यावरून काढता येते, कारण तो निसर्गात नसतो.

आकडे कुठल्या घरातले यायला हवेत याचा अंदाज असावा म्हणून सांगते. टेक्सास टेक विद्यापीठात पूर्णेंदू दासगुप्ता यांच्या गटाने 2005 मध्ये अमेरिकेच्या 18 राज्यांतल्या 36 आयांचं दूध तपासलं. सरासरी 10.5 मायक्रोग्रॅम प्रति लिटर, सर्वांत वरचा नमुना 92. दुकानातल्या गाईच्या दुधाची सरासरी 2. आता पाच किलोचं बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पीत असेल आणि दुधात 10 मायक्रोग्रॅम असेल, तर किलोमागे दीड मायक्रोग्रॅम झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2005 मध्ये सुचवलेला दैनिक संदर्भ डोस किलोमागे 0.7 आहे. हा आकडा प्रौढांमध्ये आयोडीन शोषणावर परिणाम न दिसलेल्या 7 मायक्रोग्रॅमला दहाने भागून आलेला आहे. तो ओलांडला म्हणजे बाळाला इजा झाली असा अर्थ होत नाही. पण ही दोन वाक्यं सोबत न देता एखाद्या आईच्या हाती नुसता आकडा दिलात तर ती घाबरून अंगावर पाजणं बंद करेल, आणि तसं झालं तर आपण तिचं नुकसान केलं. दुधातलं आयोडीन त्याच नमुन्यात मोजा. आईच्या घरी मीठ आयोडीनयुक्त आहे का विचारा, स्तनदा आईला रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. परक्लोरेटचा आकडा आयोडीनच्या आकड्याशेजारीच अर्थपूर्ण होतो.

तुमच्या यंत्रावर तुम्ही आत्ता काय करावं, तर दुधाची तयारी, तीन नळ्यांची चाचणी आणि ब्लँक इतकं पक्कं बसवा, मग पहिल्याच पायरीला जड इंटर्नल स्टँडर्ड घालून केलेले, गोठवलेले अर्क एखाद्या मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या संस्थेत चालवून घ्या. आणि सोबत त्याच आयांच्या घरचं पिण्याचं पाणी स्वतःच्या कंडक्टिव्हिटीवर मोजा. तिथे तुमचं यंत्र पूर्ण समर्थ आहे. आपल्याकडे केरळमध्ये आलुव्याला इस्रोचा अमोनियम परक्लोरेटचा कारखाना आहे, आणि त्या परिसरातल्या विहिरींचा अभ्यास तिरुवनंतपुरमच्या एनआयआयएसटी या राष्ट्रीय संशोधन संस्थेने केलेला आहे. पद्धतीसाठी तो जरूर मिळवून वाचा.

उद्या प्रयोगशाळेत गेल्यावर दुधाला हात लावण्याआधी नमुन्यासाठी आणलेली एक कोरी बाटली घ्या, तिच्यात शुद्ध पाणी भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी तेच पाणी सगळ्या पायऱ्यांमधून नेऊन यंत्रावर चालवा. रेघ सपाट आली, की पहिला नमुना उघडा.